बॉल पायथन खात नाही तेव्हा: आधी वजनकाटा, मग उंदीर

प्रश्न थोडक्यात असा. तीन वर्षांचा नर बॉल पायथन (घरात पाळला जाणारा छोट्या जातीचा अजगर), चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या पाळणाऱ्याकडून आणलेला. आल्यावर त्याने दोनदा नीट खाल्लं, मग अडीच महिन्यांत एकही उंदीर घेतला नाही. वजन 1,150 ग्रॅमवरून 1,105 वर आलंय. काचेची मोठी टाकी आहे. दर दोन-तीन दिवसांनी काहीतरी समोर ठेवून बघतात, कधी मोठा उंदीर, कधी पिल्लू, एक-दोनदा जिवंतही. तो जीभ लवलवतो, वास घेतो आणि तोंड फिरवतो. तब्येत बघायला म्हणून रोज संध्याकाळी हातात घेतात. आता कोणीतरी सांगितलंय की तोंड उघडून भरवावंच लागेल.

भरवू नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून हा साप उपासमारीच्या जवळपासही नाही. 45 ग्रॅम म्हणजे मूळ वजनाच्या 4 टक्क्यांहून कमी. त्यातला काही भाग तर नुसत्या विष्ठेचा आणि युरेटचा (सापाच्या लघवीतला पांढरा घट्ट भाग) असू शकतो, कारण शेवटचं खाणं पचून बाहेर पडलं की काट्यावर तेवढी घट दिसतेच. बॉल पायथनच्या उपवासात कॅलेंडर फारसं काही सांगत नाही, वजन सांगतं. अडीच महिने हा आकडा आपल्याला भयंकर वाटतो तो आपण सस्तन प्राणी आहोत म्हणून.

सापाचं शरीर उपवासात काय करतं यावर 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मार्शल मॅक्यू यांनी बॉल पायथन, रॅट स्नेक आणि वेस्टर्न डायमंडबॅक रॅटलस्नेक या तीन जातींच्या सापांना 168 दिवस, म्हणजे जवळजवळ साडेपाच महिने, अन्नाशिवाय ठेवलं. दिव्याची वात खाली करावी तसा या सापांनी आपला विश्रांतीतला चयापचय खाली आणला, काहींनी तर 72 टक्क्यांपर्यंत. वजनं घटली, पण त्या काळातही त्यांची लांबी वाढत राहिली. हे सांगण्यामागे हेतू एवढाच की तुमच्याकडे वेळ आहे. घाईने केलेल्या गोष्टींनीच हा उपवास लांबतोय असं मला तुमचं वर्णन वाचून वाटतं.

एक अपवाद आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचा गैरसमज नको. हे सगळं धडधाकट, वाढलेल्या सापाबद्दल आहे. अंड्यातून निघून पहिली कात टाकलेलं 60-70 ग्रॅमचं पिल्लू महिना-दीड महिना खात नसेल तर त्याच्याकडे साठवलेली चरबी नसते. तिथे वाट बघण्याची मुदत फार लहान, आणि मदतीची गरज लवकर पडते.

आता तुमच्या सापाकडे. सगळ्यात आधी एक फोन करा, ज्यांच्याकडून तो आणला त्यांना. तिथे तो उंदीर खायचा की घुशीएवढा मोठा रॅट? जिवंत की फ्रीझरमधला वितळवलेला? पांढरा की गडद रंगाचा? चिमट्याने द्यायचे की पेटीत ठेवून जायचे? दिवसा की रात्री? आणि तो राहायचा कशात? बॉल पायथनला एका प्रकारच्या भक्ष्याची सवय लागली की तो दुसऱ्याला अन्न म्हणून ओळखतच नाही. दोन वर्षं फक्त छोट्या उंदरांवर वाढलेला साप रॅटकडे दगडाकडे पाहावं तसं पाहतो. तुमच्याकडे आल्यावर पहिली दोन खाणी त्याने घेतली, ती काय होती आणि तिसऱ्या वेळेपासून काय बदललं, हेही आठवून लिहा. बऱ्याच वेळा उत्तर इथेच सापडतं आणि पुढचं सगळं वाचायची गरज उरत नाही.

दुसरी शक्यता ऋतूची. वयात आलेले नर, साधारण दोन-तीन वर्षांचे आणि 800 ग्रॅमच्या पुढचे, थंडीच्या महिन्यांत प्रजननाच्या ओढीने खाणं सोडतात. मादी जवळ असायला हवी असंही नाही, एकटा ठेवलेला नरही हे करतो. पण त्याच खोलीत मादी असेल तर तिच्या वासाने प्रकरण आणखी लांबतं. असा नर रात्री अस्वस्थपणे टाकीभर फिरतो, काचेवर नाक घासतो, आणि तरीही अंगाने भरलेला, चकचकीत दिसतो. त्याच्यावर इलाज नाही आणि गरजही नाही. ऋतू उलटला की एके दिवशी तो काहीच घडलं नसल्यासारखा झडप घालतो. मादीही खाणं सोडते, पण तिचं कारण बहुतेकदा अंडाशयात वाढणारी बीजांडं असतात आणि त्यासाठीही नर लागतोच असं नाही.

कातीचं मात्र वेगळं. डोळे दुधाळ, पोटाखाली गुलाबी छटा, अंगाचा रंग मळलेला असं दिसलं की कात पडेपर्यंत काहीही देऊ नका. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही आणि तो दबून असतो.

आता टाकी. माझ्याकडे 'खात नाही' म्हणून आणलेल्या बॉल पायथनांपैकी बहुतेकांचा आजार पोटात नसतो, घरात असतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा साप दिवस उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत काढतो. पाठीला, दोन्ही बाजूंना, सगळीकडे काहीतरी टेकलेलं असलं की त्याला सुरक्षित वाटतं. चारही बाजूंनी काच, मध्ये पाण्याचं भांडं आणि कोपऱ्यात एक मोठं शोभेचं लाकूड, ही रचना आपल्याला छान दिसते, त्याच्या दृष्टीने तो उघड्या मैदानात पडलेला असतो. धोक्यात असलेला साप खात नाही, कारण तोंडात भक्ष्य असताना त्याला ना पळता येतं ना लढता येतं. मोठी टाकी हा दोष नाही, मोकळी टाकी हा दोष आहे. म्हणून लगेच छोटा डबा आणायला धावू नका. तीन बाजूंच्या काचांना बाहेरून गडद कागद लावा. एकसारखी दोन लपणं ठेवा, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, आणि ती इतकी तंग असू देत की वेटोळं घातल्यावर त्याचं अंग भिंतींना लागेल. तोंड एकच आणि लहान. एकच लपण असेल तर त्याला ऊब आणि सुरक्षितता यांतून एक निवडावं लागतं, आणि तो बहुतेक वेळा सुरक्षितता निवडून थंड राहतो. मधली जागा पानांनी, खोडांच्या सालींनी, कृत्रिम वेलींनी भरा.

तापमान तुम्ही 'बरोबर आहे' एवढंच लिहिलंय. कशाने मोजलं? काचेला चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर काचेचं तापमान सांगतो, तेही चुकीचं. प्रोब (वायरच्या टोकाला तापमान मोजणारा भाग) असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि त्याचा प्रोब साप जिथे अंग टेकतो तिथे, म्हणजे गरम बाजूच्या लपणाच्या आत, जमिनीलगत ठेवा. तिथे 31 ते 33 अंश सेल्सिअस हवं, थंड टोकाला 25 ते 27, आणि रात्रीही 24 च्या खाली जायला नको. हीट मॅट असो की बल्ब, थर्मोस्टॅटशिवाय चालवू नका. नुसती हीट मॅट भाजण्याइतकी तापू शकते, आणि बॉल पायथन चटका बसूनही जागचा हलत नाही ही त्याची एक विचित्र खोड आहे. तापलेले 'हीट रॉक' तर घरात नकोतच. सापाचं पचन सर्वस्वी बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतं. ती पुरेशी नसेल तर पोटातलं भक्ष्य पचण्याऐवजी कुजू लागतं, म्हणून थंड पडलेला साप खायला तयार होत नाही, आणि खाल्लं तरी ओकून टाकतो. आर्द्रता 55 ते 65 टक्के, कातीच्या दिवसांत 70 च्या वर. वर जाळीचं झाकण असेल तर ऊब आणि ओल दोन्ही तिथून निघून जातात, त्यामुळे जाळीचा बराचसा भाग झाका.

हे सगळं एकदाच नीट करा आणि मग हात मागे घ्या. दोन आठवडे त्याला हातात घ्यायचं नाही. पाणी बदला, घाण काढा, बस्स. रोज उचलून तब्येत बघण्याने तब्येत कळत नाही, फक्त त्याला रोज संध्याकाळी, नेमकं बाहेर पडायच्या वेळी, कोणीतरी पकडतं एवढंच त्याच्या अनुभवाला येतं. वजन आठवड्यातून एकदा पुरे. एका डब्यात ठेवून एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या डिजिटल काट्यावर, आणि आकडा तारखेसह वहीत. 1,150 ग्रॅमपासून 10 टक्के घट म्हणजे 1,035. काटा तिथे पोहोचला की तो दिवस सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जायचा, ऋतू कोणताही असो.

दर दोन-तीन दिवसांनी उंदीर दाखवणंही बंद. प्रत्येक नकारानंतर त्या वासाचा आणि गडबडीचा संबंध त्याच्या दृष्टीने त्रासाशी जुळत जातो, आणि पाचव्या-सहाव्या वेळी चिमटा दिसला तरी तो डोकं वेटोळ्यात घालतो. दोन आठवडे संपले की एकदा द्या. नाही घेतलं तर पुन्हा 10 ते 14 दिवस विसरून जा. हे 'विसरून जा' पाळणाऱ्याला सगळ्यात जड जातं, मला माहीत आहे.

देण्याची पद्धत इथे थोडी सविस्तर सांगतो, कारण बारीकसारीक गोष्टींनीच फरक पडतो. एवढ्या दिवसांनंतर भक्ष्य छोटं असू दे. नेहमी अशा सापाला वजनाच्या 5 ते 7 टक्के चालतं, म्हणजे 55 ते 75 ग्रॅम, पण पहिल्या खेपेला 25-30 ग्रॅम पुरे. फ्रीझरमधून काढून रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग बंद पिशवीत घालून गरम पाण्यात. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतं आणि पोट फुटतं. पाण्यातून काढलं की त्वचेचं तापमान 38-40 अंशांच्या आसपास हवं, आणि डोकं बाकी अंगापेक्षा थोडं जास्त गरम. बॉल पायथनच्या वरच्या ओठाच्या कडेने बारीक खाचा दिसतात, त्या उष्णता टिपतात. अंधारात तो याच खाचांनी भक्ष्याचा आकार आणि दिशा ठरवतो. कोमट, ओला, सगळीकडे सारख्याच तापमानाचा उंदीर त्याच्या लेखी उंदीर नसतो. म्हणून कोरडा पुसा आणि नाकाकडचा भाग शेवटी पुन्हा क्षणभर गरम करा.

वेळ रात्रीची, दिवे बंद होऊन तासभर झाल्यावर. लपणातून डोकं बाहेर काढून तो वाट बघत असेल तर तो क्षण सोडू नका. लांब चिमट्याने भक्ष्याची कमर धरा आणि लपणाच्या तोंडासमोरून हळू, जमिनीलगत, बाजूने न्या. नाकावर आदळू नका, नाचवू नका. भक्ष्य सरळ अंगावर चालून येतं तेव्हा सापाला तो हल्ला वाटतो. जीभ संथ आणि एकाच दिशेने चालत असेल, मान इंग्रजी 'एस'सारखी मागे खेचली जात असेल, तर थांबा, श्वासही रोखा म्हटलं तरी चालेल. झडप बसली की दोन-तीन सेकंद हलका ताण द्या, मग सोडा आणि खोलीतून निघून जा. बघत बसू नका. झडप नाहीच घातली तर भक्ष्य लपणाच्या तोंडाशी ठेवा, टाकीवर चादर टाका आणि सकाळी उचला. लाजाळू साप एकांतात, पहाटे कधीतरी, पडलेलं खातात.

वास बदलून बघण्याचीही एक युक्ती आहे आणि तिला निसर्गातला आधार आहे. आग्नेय नायजेरियातल्या बॉल पायथनांच्या आहारावर लुइसेली आणि अँजेलिची यांनी 1998 मध्ये लिहिलं होतं की लहान साप आणि नर मुख्यतः पक्षी खाताना आढळले, मोठ्या माद्या सस्तन प्राणी. पाळीव सापांत आपण सगळ्यांनाच उंदीर देतो. त्यामुळे हट्टी नराला कोंबडीच्या पिल्लाच्या पिसांत घोळवलेला उंदीर द्या. कधीकधी एवढ्यावरच काम होतं. किंवा वितळवलेला उंदीर जिवंत उंदरांच्या पिंजऱ्यातल्या वापरलेल्या भुशात अर्धा तास ठेवा. पण एका वेळी एकच बदल. वास, आकार, रंग, वेळ सगळं एकदम बदललं तर काय लागू पडलं ते कळत नाही.

जिवंत उंदीर पुन्हा ठेवू नका, निदान तुम्ही समोर नसताना तरी नाही. भूक नसलेला साप आणि कोंडलेला उंदीर एकत्र ठेवले तर जखमी साप होतो. रात्रभरात पाठीचं मांस बरगड्यांपर्यंत कुरतडलेलं मी पाहिलंय, आणि साप हलला सुद्धा नव्हता. पूर्वीचे मालक जिवंतच देत असतील आणि दुसरा मार्गच नसेल तर 10-15 मिनिटं समोर बसून, नाहीतर नाही.

आजाराची शंका कधी घ्यायची? वजन झपाट्याने उतरतंय, पाठीचा कणा वर येऊन अंग त्रिकोणी दिसतंय, तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टी, हिरड्यांवर लाली किंवा दह्यासारखा थर, ओकणं, पोटाच्या मध्यावर घट्ट सूज. यातलं एक जरी दिसलं तरी वरची सगळी वाट बघण्याची भाषा रद्द. श्वासाचा त्रास आणि तोंडातला चिकट कफ यांमागे नायडोव्हायरस असू शकतो. बॉल पायथनमध्ये तो 2014 मध्ये पहिल्यांदा वर्णन झाला, आणि त्याच्यासाठी घशातून घेतलेल्या नमुन्याची पीसीआर चाचणी होते. वारंवार ओकणं आणि पोटातली सूज क्रिप्टोस्पोरिडियम या पोटातल्या सूक्ष्म परजीवीकडे बोट दाखवतात, त्यावर खात्रीचा इलाज नाही, त्यामुळे बाकी सापांपासून वेगळं काढणं महत्त्वाचं. मान वर ताठ करून छताकडे बघत राहणं, उलटं पडल्यावर सरळ न होणं ही मेंदूशी संबंधित लक्षणं, त्यांत इन्क्लुजन बॉडी डिसीज हा गंभीर विषाणूजन्य आजार येतो. मात्र तुमचा साप 'स्पायडर' मॉर्फचा (मुद्दाम पैदास केलेल्या रंग-नक्षीच्या प्रकारचा) असेल तर डोक्याचा झोल जन्मजात असतो. असे साप झडप घालतात पण नेम चुकतो, आणि मालकाला वाटतं खात नाही. अशाला भक्ष्य स्थिर धरून, तोंडाजवळ द्यावं लागतं. माइट्स, म्हणजे अंगावरचे रक्त पिणारे बारीक किडे, तेही विसरू नका. पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसून राहणारा साप आणि तळाशी मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसले की डोळ्यांच्या कडा आणि हनुवटीखालची घडी तपासा. पशुवैद्याकडे जाताना वजनाची वही, टाकीचा फोटो आणि असेल तर ताजी विष्ठा बंद डबीत घेऊन जा.

आता त्या भरवण्याच्या सल्ल्याबद्दल. उपवासात सापाचं आतडं आकसतं, पचनरस आटतात. बर्मी पायथनवर स्टीफन सेकोर आणि जॅरेड डायमंड यांनी केलेल्या कामात दिसलं की खाल्ल्यावर एक-दोन दिवसांत लहान आतड्याचं वजन दुपटीच्या आसपास जातं आणि चयापचय कित्येक पटींनी उसळतो. ही यंत्रणा सुरू होणं हेच शरीरावर मोठं ओझं आहे. वाढलेल्या सापाला धरून, जबडा उघडून, पूर्ण आकाराचा उंदीर कोंबला तर तो बहुतेकदा तास-दोन तासांत किंवा दुसऱ्या दिवशी ओकतो. सोबत अन्ननलिका सोलवटते, दात मोडतात, आणि माणसाची धास्ती पक्की बसते. खरोखर खंगलेल्या सापात तर अचानक भरपूर अन्न गेल्याने रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस कोसळून तो मरू शकतो. तिथे आधी पाणी आणि क्षार, मग नळीतून पातळ अन्न थोडं थोडं, असा क्रम असतो आणि तो दवाखान्यातच करायचा. तुमचा साप त्या अवस्थेत नाही.

तो खाईल त्या रात्रीनंतर निदान तीन दिवस टाकीत हात घालू नका, आणि गरम बाजूचं तापमान नक्की तपासा. दुसरं खाणं आठ-दहा दिवसांनी, तेवढंच छोटं. तेही टिकलं आणि विष्ठा नीट झाली तर तिसऱ्यापासून हळूहळू 50 ग्रॅमपर्यंत जा. ओकलं, तर दोन आठवडे काहीच नाही, फक्त स्वच्छ पाणी, आणि पुढचं भक्ष्य निम्म्या आकाराचं. दुसऱ्यांदा ओकलं तर घरचे उपाय थांबवून त्याला दाखवून आणा.